खिडकीकडचा कोपरा

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपण जळला. तोच — खिडकीकडचा कोपरा.

पाटी साच्यातून निघाली तेव्हा इतकी गुळगुळीत, की साहेबांनी वरून हात फिरवून "वा" म्हणून घेतलं. मी नुसतं कोपऱ्याकडे बोट केलं. नखाएवढा तपकिरी डाग, आणि अंगठ्यानं दाबलं की कुरकुर. आतले थर सुटलेत. एक्स-रेच्या टेबलाची पाटी ही! माणूस हिच्यावर निजणार, किरण हिच्यातून जाणार, आणि आमचा डाग उद्या कुणाच्या तरी बरगडीत दिसणार. गेली भंगारात.

जावईबापूंना मात्र कुणी काही बोलायचं नाही. नव्या यंत्राला आम्ही जावई म्हणतो. त्याला वेगळी खोली, गार हवा, धूळ चालत नाही, जोरात दार लावलेलं चालत नाही. जाळीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्याचा तो लांब हात साच्यावर कार्बनची पट्टी अंथरत जातो. पट्टी सुटते तिथंच मायक्रोवेव्हचं तोंड आहे. पट्टी आतून तापते, तिच्यात मुरलेलं रेझिन, म्हणजे डिंकासारखं चिकट, मऊ होतं, मागून रोलर दाबत येतो, की बसलीच. पूर्वी हेच भट्टीत घालून अख्खी पाळी वाट बघायचो. आता चहा पिऊन परत येईतो निम्मी पाटी तयार. कौतुक आहेच, नाही कोण म्हणतं. पण कोपरा जळतो.

पलीकडचा असता तर मान हलवून म्हणाला असता, "तो कोपरा अवघडच आहे."

४ फेब्रुवारी, मंगळवार

पलीकडचा. त्याला नाव आहे, हजेरीपुरतं. माझ्या मनात मात्र तो पलीकडचाच. कामाच्या टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे तो. थंड खोलीतून कार्बनचं कापड आणायचं, दोघांनी दोन टोकं धरायची, साच्यावर अलगद उतरवायचं, कडेनं दाबत दाबत चारही कोपऱ्यांत बसवायचं. एक सुरकुती राहिली तर सगळं उचला, पुन्हा पहिल्यापासून. बोलायची गरज नसायची. मी "हं" म्हटलं की तो ओढणार, त्यानं "हं" म्हटलं की मी सोडणार. कितीतरी वर्षं आमचं बोलणं म्हणजे निम्मं हं!

नवीन वर्ष लागलं आणि कंपनीनं त्याला दुसऱ्या कारखान्यात धाडलं. तिथं जावयाचा धाकटा भाऊ बसवतायत, त्याला शिकवायला. शिकवायचं म्हणजे यंत्राचा हात आपल्या हातात धरायचा आणि साच्यावरून फिरवायचा — जसा फिरवाल तसं ते लक्षात ठेवतं. आमच्या जावयालाही जाण्याआधी त्यानंच शिकवलं. पलीकडच्याचा हात लांब, टेबलभर पोचतो. मी बाजूला उभी राहून बघत होते. पहिल्यांदाच त्याला एवढा वेळ नुसतं बघितलं असेल. एरवी नजर कापडावर.

जाताना म्हणाला, "तीनेक महिन्यांत येतो. टेबल सांभाळा."

टेबल त्याच आठवड्यात उचललं. भिंतीला उभं करून ठेवलंय, त्यावर आता रिकामी खोकी.

५ फेब्रुवारी, बुधवार

खांदा दुखतोय. डावा. जिन्यावरून पडले होते तेव्हापासून थंडी वाढली की धरतो. आईनं शेक दिला आणि वर भाषण दिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागला. टप. टप. आईला म्हटलं, कोपऱ्यावरच्या नळवाल्याला बोलावते. म्हणाली, "कशाला? आपला नळवाला आहे की."

आपला नळवाला म्हणजे पलीकडचा. तो एकदाच घरी आला होता. माझा खांदा नवा नवा दुखत होता, तेव्हा औषधं पोचवायला म्हणून. चहा होईपर्यंत काय करायचं म्हणून त्यानं नळ दुरुस्त केला. आईच्या लेखी तो तेव्हापासून नळवाला.

"तो इथं कुठं आहे आता?" मी म्हटलं.

"येईल की. नळ काय पळून जातोय?"

मग घरच्या मायक्रोवेव्हकडे बघून तिनं विचारलं, "तुमच्याकडे हेच बसवलंय ना? एवढाले लोक दूध तापवायला पगार घेता?" समजावून सांगितलं — हे पाण्याला तापवतं, तिथं कार्बनचा धागा स्वतःच लाटा पितो आणि आतून तापतो. तिनं ऐकून घेतलं. "आतून तापतं म्हणजे तुझ्यासारखंच. बाहेरून कळत नाही."

या बाईपुढे कोण बोलणार!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत. गेल्यापासून पहिल्यांदाच. एरवी तब्येतीचा एखादा मेसेज.

नेहमीचंच झालं आधी. खांदा कसा आहे. आई काय म्हणतात. तिथं हवा कोरडी आहे, घशाला त्रास होतो. यंत्र आलंय पण मायक्रोवेव्ह अजून जोडलेला नाही, नुसताच हात फिरतोय. मी सांगितलं, इथं कोपरा जळतोय.

"कुठला?"

"खिडकीकडचा."

मग म्हणाला, "अवघडच आहे तो."

आणि मग, असं सहज, भाजीचा भाव सांगावा तसं — "मला इथंच ठेवायचं म्हणतायत. कायमचं. महिनाअखेर सांगायचंय. तुमचं काय म्हणणं?"

माझं काय म्हणणं! त्याची बायको जाऊन जमाना झाला, मुलगी तिच्या घरी सुखात आहे, त्याला इथं बांधून ठेवणारं आहे कोण? मी कोण?

म्हटलं, "तुमचं बरं बघा."

"बरं," म्हणाला.

ठेवला फोन.

८ फेब्रुवारी, शनिवार

तुमचं बरं बघा!! जिभेला काय झालं होतं? कामावर दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो. साहेबांना तोंडावर सुनावते. आणि जिथं एक शब्द बोलायचा तिथं शेजारणीनं शेजाऱ्याला द्यावा तसा सल्ला दिला. वर आवाज कसला कोरडा, मलाच ऐकू आला.

नका राहू तिथं, म्हणायचं होतं. एवढंच. पण कुठल्या नात्यानं म्हणायचं, तेच कधी ठरलं नाही. माझं लग्न राहून गेलं — आधी बाबांचं आजारपण, मग सवय. त्याचं होऊन मोडल्यासारखं झालं. दोघंही आपापल्या बाजूला उभे. मधे टेबल होतं तेव्हा चालून गेलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज ठिणग्या. जाळीतून चटचट निळं दिसलं आणि इंजिनीअरबाईंनी धावत जाऊन यंत्र बंद केलं. कापलेल्या धाग्यांची टोकं उघडी राहिली की मायक्रोवेव्हमध्ये असं होतं — घरी चुकून चमचा राहिला की होतं तसंच. कडेला धातूची चिकटपट्टी लावून टोकं झाकली. ठिणग्या थांबल्या.

कोपरा जळलाच.

या इंजिनीअरबाई तशा चांगल्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या, पण गर्व नाही. चुकलं तर "माझं चुकलं" म्हणतात. साहेबांना अजून ही कला जमलेली नाही. त्यांचं ठरलेलं, माल खराब. नाहीतर हवा खराब. नाहीतर आम्ही. त्यांनी आज जाहीर केलं, कापड थंड खोलीतून उशिरा काढता म्हणून होतंय. मी म्हटलं, मग उरलेले तीन कोपरे वेळेवर येतात वाटतं?

हसले नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नळ. टप. टप. टप.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मायक्रोवेव्हची ताकद कमी करून बघितली. कोपरा वाचला, पण बाकीची पाटी कच्ची! थर नीट चिकटलेच नाहीत. वाढवली तर कोपऱ्याचा कोळसा. इकडे आड तिकडे विहीर. इंजिनीअरबाई डोकं धरून बसल्या. मी त्यांना चहा आणून दिला आणि म्हटलं, भट्टी बरी होती, सगळ्यांना सारखं जाळायची. त्या हसल्या, मग हसता हसता उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सारखं... थांबा, मी यंत्राच्या हाताचा वेग कुठं बघितलाय?"

आणि चहा तसाच टाकून पळाल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मोबाइल हातात घेतला, ठेवला. घेतला, ठेवला. "घसा कसा आहे" एवढं लिहिलं. "बरा आहे" आलं. झालं संभाषण.

कापड दाबताना त्याच्या अंगठ्याचा आवाज यायचा, सर्रर, असा. आज रिकाम्या खोक्यांशेजारून जाताना कान उगीचच त्या दिशेला गेला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कसं लिहू हे?

इंजिनीअरबाईंनी सकाळी बोलावलं. पडद्यावर एक रेघ होती, यंत्राच्या हाताच्या वेगाची. एका सुरात चाललेली सरळ रेघ, आणि एका ठिकाणी एकदम खड्डा. पुन्हा सरळ. पुढच्या थराला त्याच जागी पुन्हा खड्डा. प्रत्येक थराला. तोच कोपरा.

"बघा," त्या म्हणाल्या. "इथं हात थांबतो. अगदी क्षणभर, एक श्वास घ्यावा तेवढं. पण मायक्रोवेव्ह चालूच असतो ना, तेवढ्यात तिथली पट्टी करपते. शिकवताना तुमचे सहकारी थांबले असणार. ते यंत्रानं जसंच्या तसं उचललं."

मी म्हटलं, "तो कोपरा अवघड आहे." म्हणजे त्याचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं.

त्यांनी साच्याचं चित्र फिरवून दाखवलं. "नाही हो. चारही कोपरे अगदी सारखे आहेत. हा काही वेगळा नाही. मग इथंच का थांबले असतील?"

मला कळलं. तिथल्या तिथं कळलं, पडद्यासमोर. त्यांना मात्र सांगितलं, काय माहीत, सवय असेल. आणि हात धुवायला म्हणून निघून गेले.

१७ फेब्रुवारी, पुन्हा

मघाशी जमलं नाही, आता लिहिते.

खिडकीकडचा कोपरा माझ्या डाव्या हाताला यायचा. कोपऱ्यात कापड साच्याच्या उभ्या कडेवरून वर न्यावं लागतं. म्हणजे तिथं डावा हात खांद्याच्या वर. माझा खांदा तिथं अडकतो. कळ येते, मग हात पुढे जातो. एका श्वासाचा उशीर, बस. पडल्याचं माहीत होतं, पण हात अजून अडकतो हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. कामावरून काढतील ही भीती होती सुरुवातीला, मग लाज.

आणि तो तिथं दर वेळी थांबायचा. माझा हात येईपर्यंत. मी वैतागायचे त्याच्यावर! "झोप लागली का?" "गोगलगाय बरी." एकदा तर सगळ्यांसमोर म्हटलं, तुमच्यामुळे पाळी लांबते. तो खाली बघून म्हणायचा, "कोपरा अवघड आहे." नेहमी तेच. मला खरंच वाटायचं की त्याला तो कोपरा जमत नाही. मी त्याला सांभाळून घेतेय अशी माझी समजूत! अगदी दिव्याखाली अंधार.

माझ्या दुखण्याचं नाव त्यानं कोपऱ्याला दिलं आणि बोलणी स्वतः खाल्ली. इतकी वर्षं.

यंत्राला शिकवताना पलीकडे मी नव्हते. बाजूला उभी होते, हात बांधून. तरी थांबला.

मला तो हवाय. लिहून टाकलं एकदाचं. टेबल असो नसो. समोर हवाय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

इंजिनीअरबाई म्हणतात, यंत्राला नव्यानं शिकवू. आणि शिकवायचं मी. म्हणजे यंत्राचा हात मी फिरवणार आणि पलीकडच्याचं सगळं पुसलं जाणार. आताचं यंत्र म्हणजे त्याचा हात आहे! वळण घेताना किंचित तिरका होतो, तोही तोच. मी परवापासून जाळीशी उभी राहून बघते. कोपरा आला की जावई थांबतो, माझा डावा हात आपोआप वर जातो. कुणी बघितलं तर म्हणतील बाईला वेड लागलं.

म्हटलं, खांदा दुखतोय, पुढच्या आठवड्यात करू. पहिल्यांदाच कामावर खांद्याचं नाव काढलं, आणि तेही खोटं. आज अजिबात दुखत नव्हता.

इंजिनीअरबाई एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचंत. उंच स्टूल देऊ की तुम्हाला."

उंच स्टूल. इतकी वर्षं लपवलं आणि उत्तर एवढंसं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज आणखी एक पाटी भंगारात. मी लांबवते म्हणून. हे बरोबर नाही. पाटीवर कुणीतरी आजारी माणूस निजणार आहे.

आईनं विचारलं, "काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही तर दुधात साखरेच्या जागी मीठ कशाला घातलंस?"

मग सांगितलं. सगळं. कोपरा, खांदा, फोन, तुमचं बरं बघा. तिनं गळत्या नळाखालचं भांडं रिकामं करून पुन्हा ठेवलं.

"त्याला कळव," म्हणाली.

"काय कळवू?"

"मला काय विचारतेस? मी काय तुझ्या टेबलाच्या पलीकडे उभी होते का?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

शिकवलं.

उंच स्टुलावर उभी राहिले. यंत्राचा हात धरला, गार, पण हलका, जड असेल वाटलं होतं. पहिली फेरी, दुसरी. खिडकीकडचा कोपरा आला. स्टुलामुळे खांदा उचलावाच लागला नाही. न थांबता पुढे गेले. पलीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, बघितलंच. भिंत होती.

दुपारी पाटी निघाली. कोपरा स्वच्छ. अंगठ्यानं दाबला, आवाज नाही. टिचकी मारली, घंटेसारखी खणखणीत. इंजिनीअरबाईंनी मला मिठी मारली. साहेब म्हणाले, "मी म्हटलंच होतं, माल चांगला आहे." सगळ्यांना चहा.

मी जाळीशी जाऊन उभी राहिले. जावई फिरत होता. कोपरा आला, गेला. माझा डावा हात वर गेलाच नाही.

बाथरूममध्ये जाऊन रडले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आजच्या चारही पाट्या पास. खोकी भरून रवाना.

२६ फेब्रुवारी, बुधवार

धीर करून फोन लावला. उचलला नाही. लगेच मेसेज आला, "पिंजऱ्यात आहे. मायक्रोवेव्ह आजच जोडला. नंतर करतो."

नंतर केला नाही. म्हणजे मी बसले मोबाइल समोर ठेवून, दूध उतू जाईल म्हणून बसावं तशी, आणि वाजला तेव्हा विमा विकणारा होता. त्याच्यावर सगळा राग काढला. बिचारा "सॉरी ताई" म्हणून गेला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या महिनाअखेर. उद्या तो हो म्हणणार. का नाही म्हणणार? मीच सांगितलं ना, बरं बघा म्हणून.

मेसेज लिहिला, "कोपऱ्याचं मला कळलं." पुसला. काय वाटेल त्याला? एवढ्या वर्षांनी हिशेब मागितल्यासारखं. मग लिहिलं, "नळ गळतोय, आई आठवण काढते." तोही पुसला. आईच्या पदराआड किती दिवस लपायचं!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

आत्ता त्याचा मेसेज आला. तसाच उतरवते. "इथली पहिली पाटी निघाली. कोपरा जळला. तोच. इथं त्या बाजूला खिडकी नाही, पलीकडे कुणी नाही, साचा नवीन. इथल्या लोकांना कारण सापडत नाहीये. मला माहीत आहे. पाचपर्यंत उत्तर द्यायचंय. काय करू?"

डबा उघडा पडलाय. मी लिहिलं, "यंत्रातलं थांबणं काढून टाका. तुमचं ठेवा. आणि परत या. मी सांगतेय, आई नाही."

पाठवलं. वाचलं त्यानं. खाली दिसतंय, काहीतरी लिहितोय.

मी थांबलेय.